अकराव्या दिवसाचे पाणी

दांडिया बाजारातल्या रघुनाथरावांच्या घरात सकाळचे आठ वाजले की स्वयंपाकघरातून एक ताट निघे. कामवाली मणीबेन ते मागच्या खोलीच्या दाराशी आणून खाली ठेवी आणि बांबूच्या काठीने आत सरकवी. उंबऱ्यावर खडूची रेघ ओढलेली होती. ताट रेघेपलीकडे गेले की ती म्हणे, "लो बेन, घ्या," आणि काठी भिंतीशी उभी करून निघून जाई. दारच्या कुत्र्याला भाकरी घालतानाही या घरातली माणसे त्याहून जवळ जात.

रेघेच्या आत घरची सून होती. निरुपमा, वय सतरा. चार दिवसांपूर्वी तिला मुलगा झाला होता. तिची आई लहानपणीच गेलेली, वडील इंदुरास नोकरीला, म्हणून पहिले बाळंतपण सासरीच झाले. मुलगा झाल्याचे पेढे साऱ्या गल्लीत वाटून झाले होते. सासऱ्यांनी, म्हणजे रघुनाथरावांनी, बारशाची निमंत्रणे छापायला टाकली होती. पण ज्या मुलाचे पेढे, त्याला आणि त्याला जन्म देणारीला घरातल्या एकाही माणसाने अजून हात लावला नव्हता. सोयर होते. दहा दिवस बाळंतिणीला शिवायचे नाही. अकराव्या दिवशी तिला डोक्यावरून न्हाऊ घालायचे, गोमूत्र शिंपडायचे, आणि मग ती पुन्हा घरातली.

दहा दिवस तिचे करायचे कोणी? जिचा विटाळ आमच्या लेखी कधी फिटतच नाही, अशा बाईने. पूर्वी सुईण येई. आता बडोद्यात सुधारणा झाली होती, म्हणून दवाखान्यातून शिकलेली नर्स मागवली होती.

दवाखान्याचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. नाव दिले की वाचणारे त्या दवाखान्याकडे बोट दाखवतात आणि आपल्या घराची मागची खोली विसरतात.

नर्सचे नाव कमळाबाई. वय अठ्ठावीस. बाप सरकारी पागेत घोड्यांची लीद काढणारा. महाराजांनी अंत्यजांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, त्यातल्या एकीत ती शिकली, नवरा प्लेगात गेल्यावर दवाखान्यात शुश्रूषेचे शिक्षण घेतले आणि परीक्षेत उतरली. तिची जात घरात सर्वांना ठाऊक होती. निरुपमेच्या सासूबाईंनी, ज्यांना सारे माई म्हणत, पहिल्याच दिवशी ती विचारून घेतली होती. ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "असू दे. दहा दिवसांना काय, कोणी का असेना."

हे वाक्य नीट ऐकावे. रक्त, घाण, रात्रीचे जागरण, मुलाची दुपटी, हे सारे असेल तेव्हा कोणी का असेना. ते संपले की जात आठवते.

मागच्या खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यात चिंध्यांचा बोळा कोंबलेला होता. कोपऱ्यात शेगडीवर ओव्याची धुरी. कमळाबाईने पहिल्या दिवशी आत पाऊल टाकले तशी ती सरळ खिडकीकडे गेली आणि तिने बोळा ओढून काढला.

"वारा लागेल तिला," माई रेघेबाहेरून म्हणाल्या.

"वाऱ्यानं नाही माई काही होत. होतं ते घाणीनं."

"माझी सहा बाळंतपणं याच खोलीत झाली. बोळा होता आणि शेगडीही होती."

"सहांतली मुलं किती राहिली?"

सहांतला एक लक्ष्मीकांत राहिला होता. तोच निरुपमेचा नवरा, हायस्कुलात मास्तर. माई तिथून गेल्या त्या पुढे कमळाबाईशी सरळ बोलल्याच नाहीत. बोलायचे ते भिंतीशी बोलत, "नर्सबाईंना म्हणावं दूध उतू गेलं." कमळाबाईही भिंतीलाच उत्तर देई.

माई दुष्ट होत्या असे कोणी समजू नये. दुष्ट माणसाशी भांडता येते. माईंना खरोखरच वाटत होते की त्या सुनेचे रक्षण करीत आहेत. आपली पाच मुले गेली ती त्या खोलीत गेली, हे त्यांनी कधी मनाशी जुळवलेच नव्हते. जुळवले असते तर त्या वेड्या झाल्या असत्या.

*

कमळाबाई निरुपमेला रोज कढत पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने पुसून काढी. मान, काखा, पाठ, पाय. एका वेळी एकच अंग उघडे करी, पुसून कोरडे करी, झाकी आणि मग दुसरे. निरुपमेला आधी फार लाज वाटली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुम्हाला किळस नाही येत?"

"येते की. कधीकधी येते."

"मग?"

"मग हात धुते आणि पुन्हा येते."

निरुपमा हसली. बाळंत झाल्यापासून ती पहिल्यांदाच हसली. मग बाळाकडे बघून हळूच म्हणाली, "नर्सबाई, हा अगदी मामंजींसारखा दिसतो नाही? कवळी काढल्यावर ते असेच दिसतात."

"वहिनी, टाके आहेत. हसू नका."

"दवाखान्यात हे सगळं शिकवतात?"

"ताप कसा बघायचा ते शिकवतात. नाडी, टाके, कागदावर काय लिहायचं ते. तुमचे केस विंचरा असं कुठल्या पुस्तकात नाही. पण जटा होऊन दुखतंय तुमचं डोकं, ते मला दिसतंय. मग पुस्तकात नाही म्हणून काय बघत बसू?"

आणि ती केस विंचरू लागली. शुश्रूषा म्हणतात ती एवढीच. दिसते ते न दिसल्यासारखे करायचे नाही. त्या घरात नऊ माणसे होती आणि सारी शिकलेली होती.

सातव्या दिवशी संध्याकाळी निरुपमेला हुडहुडी भरली. कमळाबाईने तापमापक लावला, एकशे दोन. आठव्या दिवशी एकशे तीन. तिने दवाखान्यात चिठ्ठी पाठवली. डॉक्टरीणबाई नवसारीकडे तपासणीला गेल्या होत्या, अकराव्या दिवशी दुपारच्या गाडीने परत येणार होत्या. मदतनिसाने औषध दिले आणि सांगून पाठवले, बाईंना अंथरुणातून हलवू नका, पाणी भरपूर द्या. नवव्या दिवशी छातीत खरखर वाजू लागली.

माईंना हे कळले तेव्हा त्या भिंतीला म्हणाल्या, "विटाळाचाच ताप तो. विटाळ गेला की जाईल. परवा डोक्यावरून चार घंगाळं पडली की मोकळी होईल पोर."

या एका समजुतीपायी किती बायका गेल्या याची कोणी मोजदाद केलेली नाही. मसणात नेताना ताप कोणता होता हे कोणी विचारत नाही.

*

दहाव्या दिवशी दुपारी रघुनाथराव ओटीवर हिंदोळ्यावर बसून कागद चाळत होते. विद्याखात्यात ते मोठ्या हुद्द्यावर होते आणि त्या संध्याकाळी वाचनालयात त्यांचे व्याख्यान होते. विषय, अंत्यजोद्धार. कमळाबाई अंगणात उभी राहिली.

"रावसाहेब, उद्याचं न्हाणं पुढं ढकला. वहिनींच्या छातीत कफ भरलाय. डोक्यावरून पाणी घातलं तर त्या वाचायच्या नाहीत."

रघुनाथरावांनी चष्मा वर केला. "बाई, तुम्ही फार चांगलं केलंत हो आमच्या सुनेचं. दवाखान्याला मी तसं पत्र देणार आहे."

"पत्र नको. न्हाणं पुढं ढकला."

"आता तुम्हीच सांगा, घरातल्या या गोष्टींत पुरुषानं काय पडायचं? इथे बायकांचं राज्य. परवा बारसं आहे, वरचे साहेब येणार आहेत, निमंत्रणं गेली. माझ्या मनात तुमच्याबद्दल तसलं काही नाही बरं. मी स्वतः अंत्यज शाळा तपासतो."

"माहीत आहे. माझी तपासली होती तुम्ही."

"असं? कधी?"

"मी चौथीत होते. पहिली आले म्हणून तुम्ही मला बक्षिसाचं पुस्तक दिलंत. वरून सोडलंत. ते माझ्या हातात न पडता जमिनीवर पडलं. मी उचललं."

हिंदोळ्याची कडी दोनदा करकरली. रघुनाथरावांना आठवले नाही. आठवणार कसे, अशी पुस्तके त्यांनी शंभर सोडली असतील.

"संध्याकाळी टांगा येईल तुम्हाला न्यायला," ते म्हणाले आणि पुन्हा कागद चाळू लागले.

टांगा आला. कमळाबाईने तिची पेटी भरली होती. ती बाजेपाशी गेली. निरुपमा तापात होती, तरी तिने डोळे उघडले. "चाललात?" ती म्हणाली, आणि कमळाबाईच्या पदराचे टोक तिच्या मुठीत गेले.

कमळाबाई तशीच उभी राहिली. मागच्या साली डभोईला तिने हेच पाहिले होते. तिथली मुलगी पंधरा वर्षांची होती. तिलाही ताप होता आणि तिथेही दहावा दिवस संपला होता. तिनेही पदर धरला होता. कमळाबाईने तेव्हा तिची बोटे एकेक करून सोडवली, पाचही, आणि डभोईहून सुटणारी संध्याकाळची गाडी पकडली, कारण नोकरी होती आणि घरच्यांनी जा म्हटले होते. पाचव्या दिवशी दवाखान्यात निरोप आला की मुलगी न्हाऊन उठली ती पुन्हा आडवी झाली, मग उठलीच नाही. त्या बोटांची पकड कमळाबाईच्या हाताला अजून आठवत होती.

तिने पेटी पुन्हा खाली ठेवली. मणीबेनला सांगितले, "टांगेवाल्याला म्हणावं, उद्या ये."

माईंनी ते ऐकले. सूर्य उगवेपर्यंत दहावाच दिवस, असा हिशेब करून त्या गप्प राहिल्या.

*

अकराव्या दिवशी सकाळी बंबात पाणी तापले. न्हाणीघरात पाट मांडला, घंगाळ भरले, भटजी ओसरीवर येऊन बसले. माई सोवळे नेसून मागच्या दाराशी आल्या. त्यांनी ओल्या फडक्याने उंबऱ्यावरची खडूची रेघ पुसून टाकली. दहा दिवस जी ओलांडणे पाप होते ती रेघ एका हाताच्या फिरण्याने गेली.

"चल सूनबाई, ऊठ. आणि नर्सबाई, तुम्ही आता या."

माईंना मध्ये भिंत घ्यायचे त्या घाईत सुचले नाही.

कमळाबाई बाजेच्या कडेवर बसली होती. तिच्या उजव्या हातात निरुपमेचा हात होता.

"मी जात नाही," ती म्हणाली. "यांना एकशे साडेतीन ताप आहे. डॉक्टरीणबाई दुपारी येतील. त्या म्हणाल्या न्हाऊ घाला तर मी स्वतः पाणी तापवून देईन. तोपर्यंत हा हात सोडत नाही."

"अगं, हात सोड तिचा. सोयर फिटलं. आता तू शिवायची नाहीस तिला."

"शिवलेच आहे मी. तुम्ही न्हाऊ घातलंत तरी मी पुन्हा शिवेन. किती वेळा न्हाऊ घालाल?"

असे कोणी त्या घरात कधी बोलले नव्हते. माईंनी हाक मारली, "लक्ष्मीकांत, अरे इकडे ये. स्वारींनाही बोलाव."

रघुनाथराव आले. लक्ष्मीकांत आला. भटजी उठून दाराच्या कडेने डोकावले. सारी माणसे दाराशी गोळा झाली आणि तिथे एक अडचण त्यांच्या ध्यानात आली. कमळाबाईला तिथून उठवायचे म्हणजे ओढून काढले पाहिजे. ओढून काढायचे म्हणजे तिला हात लावला पाहिजे. आणि तिला हात लावणार कोण? माई सोवळ्यात होत्या. भटजी पूजा सांगायला आले होते. रघुनाथरावांनी व्याख्यान दिले होते.

"मणी, तू ओढ तिला," माई म्हणाल्या.

मणीबेनने दोन्ही हात पदरात घेतले. "माई, मारा घरमां पण देव छे. मी नाही शिवायची."

मग टांगेवाल्याला आत बोलावले. तो आला, त्याने बाजेकडे पाहिले, बाळाकडे पाहिले, आणि कानाला हात लावला. "साहेब, बाईमाणसने हाथ केम लगाडाय, कसा लावू? हूं बाहेर उभो छूं."

ज्या रूढीने दहा दिवस त्या पोरीला एकटे पाडले त्याच रूढीने आता साऱ्या घराचे हात बांधून टाकले. घंगाळातले पाणी निवत चालले.

"बाई, याचा परिणाम काय होईल ठाऊक आहे का?" रघुनाथराव म्हणाले. त्यांचा आवाज कचेरीतला झाला होता. "तुमची नोकरी राहायची नाही."

"जाईल म्हणून धरूनच बसलेय."

"उपकार म्हणून तुम्हा लोकांना वर काढायचं आणि तुम्ही..."

"रावसाहेब, वर काढताना हात द्यावा लागतो. तुम्ही आजवर कोणाला हात दिलात?"

रघुनाथराव वळून ओटीवर गेले. हिंदोळ्याच्या कड्या वाजल्या नाहीत, म्हणजे ते बसले नव्हते, नुसतेच उभे होते.

आता माईंनी सुनेला हाक मारली. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "निरू, बाळ, तूच सोडव गं हात. एवढं पाणी पडलं की तू माझ्या जवळ निजशील. दहा दिवस मी तुला शिवले नाही, मला का बरं वाटलं? माझी पोर आहेस तू. सोडव."

निरुपमेच्या ओठांना कोरड पडली होती. सारे तिच्याकडे पाहत होते. आता खरे तर सारे तिच्याच हातात होते. तिने हात मागे ओढला असता तर कमळाबाई काय करणार होती? सुनेने या घरात आजवर एकाही गोष्टीला नाही म्हटले नव्हते. डोळे मिटून तिने बोटे अधिक घट्ट केली.

"सुटत नाही, माई," ती म्हणाली.

थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "पाणी."

पाण्याचा तांब्या खोलीबाहेर कट्ट्यावर होता. कमळाबाईच्या एका हातात निरुपमा होती, मांडीवर मूल होते. तिने दाराकडे पाहिले. "कोणीतरी तांब्या द्या," ती म्हणाली. कोणी हलले नाही. आत पुन्हा विटाळ झाला होता, आणि ओलांडू नये अशी रेघ आता दिसतही नव्हती, त्यामुळे पाय कुठे टाकावा हे कोणालाच उमजेना.

लक्ष्मीकांत दाराशी उभा होता. अकरा दिवसांत त्याने बायकोला पाहिलेही नव्हते. त्याने तांब्या उचलला, खाली वाकून आत आला, आणि निरुपमेच्या मानेखाली हात घालून तिला पाणी पाजले. अर्धे पाणी तिच्या गळ्यावर सांडले. कमळाबाईने पदराने ते टिपले.

येथे टाळ्या वाजवू नयेत. पाणी पाजून लक्ष्मीकांत बाहेर गेला, सरळ विहिरीवर गेला आणि जानवे बदलून डोक्यावरून आंघोळ करून आला. पण न्हाऊन झाल्यावर त्याने सायकल काढली आणि स्टेशनावर जाऊन नवसारीच्या गाडीची वाट पाहत उभा राहिला, हेही खरे आहे. माणूस अर्धा सुधारतो तो असा सुधारतो.

डॉक्टरीणबाई पारशी होत्या. तीनच्या सुमारास त्या आल्या. त्यांना खुर्ची मिळाली, वेगळ्या ठेवलेल्या कपातून चहा मिळाला. त्यांनी छाती तपासली आणि मोजक्या शब्दांत सांगितले की दोन्ही फुप्फुसांना सूज आहे, आज न्हाऊ घातले असते तर उद्या मला बोलवायचे कारण उरले नसते.

रघुनाथरावांनी मान हलवली. "आपण म्हणाल तसं," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेच कमळाबाई काल दुपारपासून सांगत होती.

तिने तेव्हा हात सोडला. बोटे इतकी आखडली होती की सरळ करायला तिला दुसऱ्या हाताची मदत घ्यावी लागली.

*

पंधराव्या दिवशी निरुपमेचा ताप उतरला. एकविसाव्या दिवशी कोमट पाण्याने तिला न्हाऊ घातले, बाविसाव्या दिवशी बारसे झाले. मुलाचे नाव फत्तेसिंहराव ठेवावे असे वरच्या साहेबांनी सुचवले, रघुनाथरावांनी ते तत्काळ मानले. पंगतीत ते सांगत होते, "डॉक्टरीणबाईंचं औषध आणि कुलदेवीची कृपा." मागच्या खोलीत औषधाच्या वेळा पाळत, उशीखाली उशी लावून निरुपमेला बसते ठेवत, तिचा कफ स्वतःच्या हाताने पुसत कोणी नऊ दिवस काढले, हे कोणी विचारले नाही, आणि त्यांनी सांगितले नाही.

कमळाबाई विसाव्या दिवशीच गेली होती. निघताना निरुपमेने हट्ट धरला की नर्सबाईंना लुगडे द्यायचेच. माईंनी चांगले लुगडे काढले, त्यावर खण ठेवला, नारळ ठेवला. सारे एका ताटात घालून मणीबेनने ते खाली ठेवले आणि काठीने सरकवले.

कमळाबाईने ताटाकडे पाहिले. ती निरुपमेला म्हणाली, "वहिनी, औषध आणखी आठ दिवस घ्या. खिडकी उघडी ठेवा." आणि ताट तिथेच ठेवून निघाली. बक्षिसाचे पुस्तक एकदा तिने जमिनीवरून उचलले होते. तेवढे एका जन्माला पुरे होते.

रघुनाथरावांनी दवाखान्याला पत्र दिले. कबूल केले होते ते नव्हे, दुसरे. नर्स उद्धट आहे, घरच्या धर्माचारात हात घालते. दवाखान्याने चौकशी केली, आणि चौकशीअंती जो निकाल लागला तो वाचून हसावे की कपाळ बडवावे ते कळत नाही. कमळाबाईला घरोघरच्या कामावरून काढून दवाखान्यातल्या कपड्यांच्या कोठीत बसवले. आणि नियम केला की यापुढे घरी पाठवलेल्या नर्सने दहाव्या दिवशी सूर्यास्तापूर्वी परत यावे. जी गोष्ट आजवर नुसती रूढी होती ती आता सरकारी कागदावर आली, खाली सही आणि शिक्का. आपल्याकडे कायदा रूढीला मारतो असे म्हणतात. इथे रूढीने कायद्यालाच कामाला लावले.

कमळाबाई दीड वर्ष चादरी मोजत आणि फाटक्या उशा शिवत बसली. वार्डातून कण्हणे ऐकू येई. तिला तिथे जायची मनाई होती.

मग या श्रावणात दवाखान्यात एक चिठ्ठी आली. अक्षर रघुनाथरावांचे. सूनबाईंना पुन्हा दिवस गेले आहेत, मागच्या खेपेस आली होती तीच नर्स पाठवावी, तिच्या हाताला गुण आहे. दहा दिवसांसाठी.

गुण आहे. म्हणजे त्यांना ठाऊक होते. पंगतीत कुलदेवीचे नाव घेताना ठाऊक होते, तक्रार लिहिताना ठाऊक होते. न कळणाऱ्याला शिकवता येते. कळून न कळल्यासारखे करणाऱ्याचे काय करायचे?

मुख्य नर्सने चिठ्ठी घेऊन कमळाबाईला बोलावले. "नशीब उघडलं तुझं. तेच बोलावताहेत. त्या घरापुरता नियम सैल करू, जा."

कमळाबाईने चिठ्ठी वाचली, मग कागदाची मागची बाजू वळवून तिथेच लिहिले. चौथीत पहिली आलेले अक्षर होते, अजून तसेच होते.

"मी येईन. दहा दिवसांसाठी येणार नाही, बाळंतीण बरी होईपर्यंत येईन. ती बरी झाली हे डॉक्टरीणबाई ठरवतील, पंचांग ठरवणार नाही. ताट काठीने सरकवलेले चालणार नाही, हातात द्यावे. कबूल असल्यास आपल्या सहीने लिहून पाठवावे."

"हे पाठवू?" मुख्य नर्सने विचारले. "वेड लागलंय का तुला? पुन्हा कोठीत बसशील."

"बसेन. पण डभोईसारखी गाडी पुन्हा पकडणार नाही."

चिठ्ठी गेली. तिला आज वीस दिवस झाले. रघुनाथरावांच्या मेजावर ती दौतीखाली दाबून ठेवलेली आहे, लक्ष्मीकांतने ती दोनदा वाचली आहे आणि दोनदा पुन्हा दौतीखाली ठेवली आहे. सही झालेली नाही. निरुपमेला आठवा महिना आहे.

मागच्या सोमवारी दुपारी घरात सारी निजली असताना ती उठून मागच्या खोलीत गेली. खिडकीत नव्या चिंध्यांचा बोळा कोंबून ठेवला होता, बाळंतपणाची तयारी म्हणून. अवघडल्या अंगाने ती स्टुलावर चढली आणि तिने तो ओढून काढला. खाली उतरते तो दारात माई उभ्या.

माईंची नजर बोळ्यावरून बाजेवर गेली, बाजेवरून त्या कोपऱ्याकडे, जिथे त्यांची पाच मुले एकामागून एक गार पडली होती.

"पडशील," त्या म्हणाल्या. "मला सांगायचंस."

त्यांनी बोळा उचलून नेला आणि चुलीत घातला.

दांडिया बाजारात सुधारणा आजपर्यंत एवढीच झाली आहे. चिठ्ठीवर सही व्हायची आहे. दिवस भरायला एक महिना उरला आहे.